होम फोल्डरला चमॉड ७७७ दिल्यावर एनजिनएक्सचा ४०३ गेला. आता सर्व्हर सुरक्षित करायला कुठून सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की उबुंटू २४.०४ चा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आहे, पीएचपीची साइट होम फोल्डरमध्ये ठेवली, एनजिनएक्स या वेब सर्व्हरकडून ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' असा एरर आला, म्हणून अख्ख्या होमला आतल्या सगळ्या फोल्डरांसकट परवानग्या बदलणाऱ्या चमॉड कमांडने ७७७ दिलं (तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि इतर यांच्या परवानग्या; ७ म्हणजे सगळं करायची मुभा). आता फायरवॉल लावून पासवर्ड लॉगिन बंद करायचंय. थांबा, आधी ते ७७७ काढा. तुमच्या बाबतीत क्रम चुकला तर तुम्ही स्वतःच बाहेर अडकाल.

कारण असं: सर्व्हरवर दुरून लॉगिन एसएसएचने होतं, पासवर्डने किंवा कीने (पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची फाइल). होम फोल्डर, कीज ठेवायचा डॉट एसएसएच फोल्डर किंवा त्यातली ऑथराइज्ड कीज फाइल यांपैकी कशातही दुसऱ्या कुणाला लिहिता येत असेल, तर एसएसएच सर्व्हर तुमची की मुळात स्वीकारतच नाही. लॉगमध्ये 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' असं येतं आणि तो गुपचूप पासवर्ड विचारतो. आपण कीने आत येतोय असं समजून पासवर्ड बंद केला की दोन्ही दारं बंद. म्हणून होमला ७५०, डॉट एसएसएचला ७००, ऑथराइज्ड कीजला ६०० द्या आणि दुसऱ्या टर्मिनलमधून पासवर्ड न विचारता लॉगिन होतंय का ते बघा. पहिलं सेशन उघडंच ठेवा.

आता मूळ ४०३. एनजिनएक्सचा मास्टर प्रोसेस रूट या सर्वाधिकारी युजरने चालतो, पण फायली वाचणारे वर्कर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरने चालतात. त्या युजरला '/' या सर्वांत वरच्या फोल्डरपासून तुमच्या फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर एक्स, म्हणजे आत शिरायची परवानगी लागते. उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० ने बनतं, म्हणजे इतरांना काहीच परवानगी नाही, त्यामुळे वर्कर दारातच अडतो. आतल्या फायली ६४४ असल्या तरी उपयोग नाही. नेमका कुठे अडतोय हे 'नेमआय -एल' आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ दिला की दिसतं: पाथमधल्या प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक छापून येते. एरर लॉगही वाचा. 'परमिशन डिनाइड' असेल तर हेच कारण. 'डिरेक्टरी इंडेक्स इज फॉरबिडन' असेल तर इंडेक्स फाइलच सापडत नाहीये, तिथे चमॉडचा काही संबंध नाही.

साइट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू खाली हलवा. मालक तुमचा स्वतःचा युजर ठेवा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नको. सगळी साइट त्याच्या मालकीची करा असं जागोजागी सांगितलेलं दिसेल, पण मग पीएचपीतल्या एका भोकातून घुसलेला माणूस तुमचा सगळा कोड बदलू शकतो. फोल्डर ७५५, फायली ६४४. 'फाइंड' कमांडने टाइप डी (फोल्डर) आणि टाइप एफ (फायली) अशा दोन फेऱ्यांत होतं. डेटाबेसचा पासवर्ड असलेली डॉट ईएनव्ही फाइल ६४० करा आणि तिचा ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ठेवा. लिहायची परवानगी फक्त अपलोड्सच्या फोल्डरला, तीही ग्रुपमार्फत.

आणि जिथे लिहिता येतं तिथलं काही चालवता येता कामा नये. अपलोड्समधल्या पीएचपी फायलींना 'डिनाय ऑल' (सगळ्यांना बंदी) करणारा रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे पत्त्याचा नमुना जुळवणारा लोकेशन ब्लॉक एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये तुमच्या नेहमीच्या पीएचपी ब्लॉकच्या वर लिहा. खाली लिहिलात तर तो कधीच लागणार नाही, कारण अशा ब्लॉकांमध्ये जो आधी जुळतो तोच एनजिनएक्स घेतं. डॉटने सुरू होणाऱ्या पत्त्यांनाही बंदी घाला, डॉट वेल-नोन सोडून (सर्टिफिकेटची तपासणी तिथून होते). कॉन्फिग बदललं की 'एनजिनएक्स -टी'ने तपासूनच रिलोड.

की चालतेय याची खात्री झाली की पासवर्ड लॉगिन बंद करा. इथे एक सापळा आहे, आणि तो फार जणांच्या लक्षात येत नाही. एसएसएचडी, म्हणजे एसएसएच सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन नो' लिहून, सर्व्हिस रिस्टार्ट करूनही पासवर्ड चालूच राहतो. कारण बऱ्याच क्लाउड इमेजमध्ये एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी फोल्डरात ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल असते आणि तिच्यात 'येस' असतं. हा फोल्डर मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच वाचला जातो, आणि एसएसएचमध्ये पहिली सापडलेली किंमत धरतात, शेवटची नाही. त्याच फोल्डरात १० ने सुरू होणारी आपली फाइल करून तिच्यात 'नो' लिहा. मग 'सुडो एसएसएचडी -टी' चालवा, यातला टी कॅपिटल. सगळ्या फायली मिळून लागू होणारं कॉन्फिग तो छापतो. तिथे 'नो' दिसलं की सर्व्हिस रिस्टार्ट करा, तरच काम झालं.

फायरवॉलचं काम पाच मिनिटांचं. यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलमध्ये आधी 'ओपनएसएसएच' आणि 'एनजिनएक्स फुल' अलाऊ करा, मगच एनेबल. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) वापरत असाल तर लक्षात घ्या, डॉकरने पब्लिश केलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून बाहेर उघडे पडतात. डेटाबेसचा पोर्ट १२७.०.०.१ लाच, म्हणजे फक्त त्याच सर्व्हरला दिसेल असा बांधा.

एचटीटीपीएस लावल्यावर ८० पोर्ट बंद करू नका. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि ते आणून देणाऱ्या सर्टबॉट प्रोग्रॅमच्या एनजिनएक्स प्लगिनने ते घेतलं असेल तर नूतनीकरणाची तपासणी ८० वरूनच होते. बंद केलात तर सुरुवातीचे महिने सगळं ठीक दिसेल आणि मग एके दिवशी ब्राउझर लाल इशारा दाखवेल. मुदत संपत आल्याचे ईमेलही त्यांनी जून २०२५ पासून थांबवलेत. त्यामुळे 'सर्टबॉट रिन्यू' ड्राय-रनसह (नुसती चाचणी म्हणून) आजच चालवून बघा, आणि फायरवॉलला पुढे कधीही हात लावलात तर पुन्हा चालवा.