मंडळात आर्किटेक्ट नाही, मग मुलाने विचारायचं कुणाला?

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे. आर्किटेक्चरला जायचं म्हणतो. आम्ही परदेशात राहतो. आम्ही दोघंही आयटीत, इथल्या मराठी मंडळातले आणि ओळखीपाळखीतले सगळे आयटीवाले नाहीतर डॉक्टर. त्याला मार्गदर्शन कोण करणार? पैसे देऊन एखादा कन्सल्टंट लावावा का?

उत्तर : ताई, कन्सल्टंट अर्ज नीट भरून घेईल, निबंध तपासेल, तारखा चुकू देणार नाही. तेवढ्यासाठी हवा असेल तर जरूर लावा. पण आर्किटेक्टचा दिवस कसा जातो, शिकून बाहेर पडल्यावर पहिली काही वर्षं काय काम करावं लागतं, हे त्याच क्षेत्रातलं माणूस सांगू शकेल.

आता मंडळाचं. तुम्ही तिथे ‘इथे कोणी आर्किटेक्ट आहे का?’ असं विचारलं असणार आणि उत्तर ‘नाही’ आलं असणार. प्रश्न थोडा बदला : ‘कोणाच्या ओळखीत आर्किटेक्ट आहे का?’ कोणाचा शेजारी असतो, कोणाचा पेशंट, कोणाच्या मुलीच्या मैत्रिणीची आई. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? बहुतेकांचं उत्तर होतं, अधूनमधून किंवा क्वचितच. कारण साधं आहे. रोजच्या बैठकीतल्यांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असतंच.

आपल्याकडचं उदाहरण तर सर्वांच्या माहितीतलं आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी हे भीमराव आंबेडकरांच्या शाळेतले शिक्षक नव्हते, नात्यातले नव्हते, जातीतलेही नव्हते. बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे शिक्षण अडलं तेव्हा मदत सयाजीराव गायकवाडांनी केली. गुरुजींनी भेट घालून दिली. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठीची शिष्यवृत्तीही बडोद्याचीच. झेप अर्थात त्या विद्यार्थ्याची स्वतःची. पण कोणाला भेटायचं हे सांगणारा आणि सोबत जाणारा माणूस घरातला नव्हता, एवढं लक्षात घ्या.

एक गोष्ट जरा स्पष्टच लिहिते, कारण आपलं घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. परदेशात आपलं वर्तुळ लहान असतं. मुलाने विश्वासाने एखाद्या काकांना सांगितलं, की गणित जमत नाहीये, किंवा आईबाबांना हवं ते मला करायचंच नाही; आणि संध्याकाळी ते आईच्या फोनवर हजर! काकांचा हेतू चांगलाच असतो हो. पण मुलगा त्यांच्याकडे पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून मार्गदर्शक शक्यतो तुमच्या रोजच्या बैठकीबाहेरचा शोधा, आणि त्याला आधीच सांगून टाका : जिवाला धोका असेल तर लगेच कळवा, बाकी आम्हाला काही सांगायची गरज नाही. भेटून आल्यावर ‘काय म्हणाले?’ हा प्रश्नही गिळा. अवघड आहे, माहीत आहे. मुलगा अजून सज्ञान नाही, तेव्हा भेटी ऑफिसात किंवा ग्रंथालयात, चार लोकांच्या देखत होऊ द्या. कुठे आणि किती वाजता हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. ती चौकशी वेगळी, आणि ती करायचीच.

ओळख मिळाली की तुमचं काम संपलं. मेसेज त्याने लिहायचा. ‘मला तुमचं मार्गदर्शन हवं आहे’ यावर कामात असलेला माणूस काय उत्तर देणार? त्यापेक्षा असं काही : ‘मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, आर्किटेक्चरचा विचार करतोय. नवं ग्रंथालय तुमच्या ऑफिसने बांधलं असं वाचलं. त्यात जिना मधोमध का घेतलाय, हे विचारायचं होतं. वीस मिनिटं मिळतील का?’ यासाठी आधी जाऊन तो जिना बघावा लागतो, आणि समोरच्याला नेमकं तेच दिसतं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, मग दुसरा माणूस गाठावा.

शाळेतल्या शिक्षकांनाही विसरू नका. अनेक देशांत कॉलेज प्रवेशासाठी त्यांचं शिफारसपत्र लागतं, आणि वर्गात गप्प बसणाऱ्या हुशार मुलाबद्दल शिक्षकाला लिहायला फारसं काही नसतं. शिक्षकांना उलट प्रश्न विचारू नयेत हे वळण आपणच लावलेलं असतं. ते मोडायलाही आपणच सांगायला हवं.

आणि समजा, चार दिवस त्या ऑफिसात बसून तो ‘हे माझं काम नाही’ म्हणत घरी आला, तर वैतागू नका; पाच वर्षांची फी भरल्यावर कळण्यापेक्षा हे बरं. मात्र त्या आर्किटेक्टना त्याने ते स्वतः कळवायला हवं, आभार मानून.