प्रोजेक्टच्या दहा टक्के फी अन् वर कोरा चेक

धंदा काढणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून चार एकदम घेतो.

प्रश्न: 'उद्यम सर्टिफिकेट एक्सपायर होतंय, आज २९९९ भरा' असा फोन आला. भरू का?

नाही. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे आणि त्याला रिन्यूअल नसतंच.

प्रश्न: दीड हजारात, एका दिवसात आयएसओ (दर्जाचं सर्टिफिकेट) मिळतंय. घ्यावं?

आयएसओ संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, आणि एका दिवसात ऑडिट कसलं होतंय? ज्या पार्टीला दाखवायचंय तिलाच आधी विचारा, कुठल्या ॲक्रेडिटेड (मान्यताप्राप्त) बॉडीचं चालतं.

प्रश्न: गावात मसाला कांडपासाठी पीएमईजीपीतून (नव्या धंद्याला कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्राची योजना) १० लाखांची फाईल करायचीय. कन्सल्टंट प्रोजेक्टच्या १०% मागतोय, निम्मे आधी, शिवाय सही केलेला कोरा चेक. म्हणतो ३५% सबसिडी खात्यात येते.

ताई, चेक देऊ नका. दिला असेल तर आजच वकील गाठा, बघू नंतर करत बसू नका.

गावात महिलेला ३५% पर्यंत, म्हणजे साडेतीन लाख, हे खरं. पण ते हातात येत नाहीत, बँक तुमच्या नावावर ३ वर्षं डिपॉझिट म्हणून अडकवून ठेवते, आणि मग तपासणीत युनिट चालू दिसलं तरच कर्जात वळते होतात. वर तुमचे स्वतःचे ५%, म्हणजे ५० हजार, घालावे लागतात ते वेगळेच. मग या कन्सल्टंटचा एक लाख कुठून निघतो? कोटेशन फुगवून! परवाच एक फाईल बघितली, पावणेदोन लाखांचं मशीन ३ लाख १० हजारांना लावलेलं, आणि कोटेशनवरचा मोबाईल नंबर कन्सल्टंटच्या कार्डावरचाच, तोसुद्धा बदलायचे कष्ट नाहीत. फी टक्क्यात ठरली की प्रोजेक्ट फुगणारच, हप्ते मात्र तुम्ही भरायचे. 'बँकेत आपली सेटिंग आहे' वगैरे कानावर पडलं की उठून या. अर्ज ऑनलाईन आहे, फी शून्य, नमुन्याचे प्रोजेक्ट रिपोर्टही पोर्टलवर मिळतात. आधी जिल्हा उद्योग केंद्रात जा, मग बँक मॅनेजरला भेटा, आणि रिपोर्ट करून घ्यायचाच असेल तर सीएकडून ठरावीक रकमेत, पावती घेऊन.

प्रश्न: एजंट म्हणतो ट्रेडमार्क '३ दिवसात रजिस्टर', सरकारी फी १२ हजार. बरोबर?

एकट्या माणसाला ऑनलाईन अर्जाला एका क्लासची (मालाच्या एका वर्गाची) सरकारी फी ४५००, वरचे त्याचे. ३ दिवसात मिळतो तो फक्त अर्ज नंबर. अर्ज सरकारी ट्रेडमार्क जर्नलमधे आल्यावर इतरांच्या हरकतीलाच ४ महिने असतात, त्यामुळे नाव डब्यांवर छापण्याआधी ट्रेडमार्क वकिलाकडून सर्च करून घ्या.