'मीच'मधला च

"मॅडम, मी वर्षभर सेवेच्या कामाला गेले तर स्वार्थी ठरेन का?"

ठाण्यात समुपदेशनाचं काम करता करता मला 20 वर्षं झाली. या काळात हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडांतून इतक्यांदा ऐकलाय, की त्यावर एकदा सविस्तर लिहावं असं ठरवूनच बसलेय. बावीस ते सव्वीस वयाची मुलं. पहिली नोकरी लागलेली किंवा लागायच्या बेतात. वर्षभर कुठेतरी जाऊन लोकांसाठी काम करावंसं वाटतं, पण घरचे म्हणतात, आधी सेटल हो. आणि आपल्या समाजात माणसं थोडी असतील, तर घरचे आणखी एक गोष्ट म्हणतात: आधी आपल्या माणसांचं बघ.

हे दुसरं वाक्य मी बेने इस्रायली घरांमधून विशेष ऐकते. कोकणाच्या किनाऱ्यावर, नवगावला, पूर्वी कधीतरी जहाज फुटून उतरलेल्या ज्यूंचे हे वंशज, असं परंपरा सांगते. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. घरात मराठी, आडनावं पेणकर, दिवेकर, राजपूरकर. 1948 च्या सुमारास हा समाज 20 हजारांच्या घरात होता. नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, आणि आज देशभरातले सगळे ज्यू मिळून 4-5 हजार उरलेत, त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्यात. इथलं सिव्हिल हॉस्पिटलजवळचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1879 चं. त्याच्या आसपासच्या घरांतून एकाचं ऐकून दुसरा असे बरेच जण माझ्याकडे येत आले.

तिला आपण एस्तेर म्हणू. ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदललेत, आणि लिहायला तिची परवानगी घेतली आहे. वय 24, खासगी बँकेत नोकरी. आली ती झोप लागत नाही म्हणून.

पहिल्याच भेटीत तिचा फोन चार वेळा वाजला. चौथ्यांदा तिनं उचलला. "अंकल, निळी गोळी जेवणानंतर. हो, निळीच." फोन ठेवून तिनं पर्समधून एक लांब वही काढली आणि खूण केली. समाजातल्या एकट्या राहणाऱ्या अकरा वृद्धांची ती वही होती. मुलं इस्रायलमध्ये, अशदोदला, बीरशेबाला. आईवडील इथे, चाळीत नाहीतर जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. गोळ्या, लाइटबिल, डॉक्टरची तारीख, शुक्रवारी संध्याकाळी शाबाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्यासाठी तेल. सुबक रकाने आखलेले. शेवटचा रकाना 'कोण करणार'. मी पानं उलटत गेले. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच अक्षर होतं: मी. मी. मी. मी.

यातच तिला एका ज्यू संस्थेमार्फत मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर 10 महिने काम करायची संधी आली होती. लहान मुलांचं पोषण, शाळा. तिला मनापासून जायचं होतं. "पण मी गेले तर यांचं कोणीच नाही. आणि नाही गेले तर रोज वाटत राहणार, की मी फक्त आपल्यांपुरतं बघते."

पुढच्या काही भेटींचं सगळं सांगत बसत नाही. एका दुपारी मात्र मी तिला म्हटलं, "रात्री दोनला जाग आल्यावर मनात जे वाक्य असतं, ते जसंच्या तसं लिही."

तिनं लिहिलं: 'मीच सगळ्यांचं सगळं केलंच पाहिजे, आत्ताच.'

आपल्या भाषेत च हे केवढंसं अक्षर, पण माणसाची झोप उडवायला ते पुरतं. मी ज्या पठडीत शिकले, त्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारात या 'पाहिजेच'ला फार महत्त्व आहे. इच्छेला च लागला की तिची मागणी होते, आणि मागणी पुरी झाली नाही की आपण स्वतःला फोडून काढतो. इतक्या वर्षांत मी कितीतरी लोकांकडून हे च खोडून घेतलेत, आणि त्याचा मला अभिमानही आहे. म्हणून तिच्याकडे पेन सरकवलं. "यातला कुठला च तुझा आहे आणि कुठला नाही, बघ."

'आत्ताच' तिनं लगेच खोडलं. मग पेन 'केलंच'वर आलं आणि थांबलं. बराच वेळ. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती, ती मी पूर्ण ऐकली.

"हा नाही खोडणार, मॅडम."

"का?"

"आमच्यात दानाला त्सेदाका म्हणतात. पण त्या शब्दात दान नाहीच. त्सेदेक म्हणजे न्याय. दिलं तर उपकार नाही केले, ज्याचं होतं ते त्याला दिलं." शब्द शोधत ती म्हणाली, "दान नाही, देणं आहे ते."

मी तोंड उघडलं होतं. नेहमीचं समजावणं जिभेवर होतं: वाटलं तर कर, सक्ती कशाला? मी ते गिळलं, आणि आज वाटतं, त्या दिवशी मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. कारण तिचं पेन मागे गेलं. 'मीच'मधला च तिनं खोडला, सावकाश, दोन रेघा मारून. मग 'सगळ्यांचं सगळं' खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'माझ्या वाट्याचं'.

मी माझ्या वाट्याचं केलंच पाहिजे.

ती रडली नाही. खुर्चीत मागे टेकली, पहिल्यांदाच. म्हणाली, "आजोबा एक सांगायचे. रब्बी टार्फोनचं, आमच्या एका जुन्या धर्मगुरूंचं. काम पुरं करायची जबाबदारी तुझ्यावर नाही, पण ते सोडून द्यायलाही तू मोकळा नाहीस. मला त्याचा दुसराच अर्धा भाग लक्षात राहिला होता."

हे 1900 वर्षांपूर्वीचं बोलणं. ते ऐकून मी त्या रात्री माझ्या जुन्या टिपणवह्या काढल्या. सेवेची ओढ असलेल्या मुलांच्या बाबतीत मी कर्तव्याचा च खोडायच्या मागे लागत होते. तो खोडला की मुलं सैल पडतात आणि थोड्या दिवसांनी अपराधी वाटून परत येतात. त्यांना चिरडतो तो एकटेपणाचा च. तेव्हापासून मी आधी 'मीच'कडे बघते.

एकदा तिच्या वडिलांना बोलावलं. भला माणूस, पण काळजीनं कडक झालेला. "मॅडम, आपलीच माणसं इथे आजारी, आणि हिला मोखाडा दिसतो. आमच्यात सेवा कमी झाली का? डॉक्टर जेरुशा जिराड आमच्यातल्याच. 1928 ते 1947 कामा हॉस्पिटल सांभाळलं त्यांनी. पद्मश्री मिळाली."

"कामा हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाला कोण यायचं?" मी विचारलं.

"सगळ्याच बायका. कुठल्याही जातीच्या..." ते बोलता बोलता थांबले. एस्तेर खाली बघत होती.

"आणि समाजासाठी?"

"1925 मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन त्यांनीच काढली." आवाज उतरला होता. पुढे मी काही बोलले नाही.

आता जी मुलं-मुली आणि आईवडील हे वाचतायत, त्यांच्यासाठी. सेवेचं वर्ष निवडताना कामाचं नाव किती मोठं आहे ते बघू नका, त्या कामाची बांधणी बघा. अमेरिकेत 1998 पासून अवोदा नावाचा उपक्रम चालतो. ज्यू तरुण एका घरात एकत्र राहतात आणि गरिबीविरुद्ध आधीपासून काम करणाऱ्या संस्थांमध्ये वर्षभर राबतात. संध्याकाळी एकत्र जेवायला, बोलायला सोबतीची माणसं असतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे कळव्याच्या वस्तीत 2012 मध्ये गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई सुरू झाला. बाहेरून आलेले ज्यू स्वयंसेवक मुलांना शिकवायचे, पण मुलांचं जेवण रांधायच्या त्या वस्तीतल्याच बायका. स्वयंसेवक परत गेला म्हणून चूल विझायची नाही. म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही विचारा: हे काम मागितलं कोणी? मी गेल्यावर कोण करणार? अडलं तर रात्री फोन कोणाला करायचा? मानधन किती, सुट्टी कधी? हे विचारताना लाजायचं कारण नाही. स्वतःची हाडं झिजवणं हा सेवेचा पुरावा नव्हे.

आईवडिलांना एवढंच म्हणेन, 'वर्ष वाया जाईल' असं म्हणायच्या आधी मुलाला त्याची वही दाखवायला सांगा. काय काय पेलतोय ते आपल्याला ठाऊक नसतं.

एस्तेर लगेच गेली नाही. संस्थेकडून तिनं चार महिने मागून घेतले आणि त्या काळात अकरा घरांत अकरा वेळा कोणाला तरी सोबत नेलं. दोन घरांनी नव्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. तिथे ती पुन्हा गेली.

दारफळणीच्या सणाला, म्हणजे ज्यूंच्या योम किप्पूरच्या उपवासाला, ती मोखाड्याहून आली तेव्हा मला भेटली. उन्हानं रापली होती. वही आता सिनेगॉगमध्ये असते, मला दाखवायला मागून आणली होती. शेवटच्या रकान्यात पाच-सहा वेगवेगळी अक्षरं. गुरुवारच्या ओळीत हिरव्या शाईत तिच्या वडिलांचं नाव, बरोबर निळ्या गोळीवाल्या अंकलसमोर. एक ओळ मात्र कोरी होती.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"शोधतोय आम्ही," ती म्हणाली आणि वही मिटली.