देव सुटला, भीती सुटेना

प्रश्न : आमचं घर गुहागरजवळ. देवावरचा विश्वास पार उडालाय. तरी शिमग्याला पालखी दारात आली की हात जोडतो. नाही जोडले तर छाती धडधडते. मी ढोंगी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. विचार आणि वागणं जुळेना की मनाला टोचणी लागते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलं. धडधड मात्र वेगळी. ‘देव कोपेल’ ऐकत रुजलेली भीती वाद घालून जात नाही. काही वाईट घडलं नाही, हे वारंवार अनुभवलं की ओसरते. शिवाय पालखीबरोबर ढोल येतो, मुंबईचे चुलते येतात. ते दुरावण्याचं दुःख खरंच असतं हो! आईला पालखीआधीच सांगा, “खांदा देईन, नवस बोलणार नाही.” ती रडली तर जवळ बसा.