तळोज्यातल्या कारखान्याला छोट्या अणुभट्टीची वाफ मिळेल का?

तळोजा एमआयडीसीत तुमचा रंगद्रव्यांचा कारखाना, ताशी ८ टनांचा कोळशावरचा बॉयलर आता थकलेला. पुढे छोटी अणुभट्टी वीज आणि वाफ दोन्ही देणार असेल तर नव्या बॉयलरवर पैसे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय. घाला. वाट बघू नका.

तापमानाची अडचण नाही. तुम्हाला १० किलो प्रेशरची, म्हणजे साधारण १८४ अंशांची वाफ लागते. छोटी भट्टी म्हणून जिचं नाव पुढे येतं त्या आपल्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या (हायड्रोजनच्या जड रूपापासून बनलेलं पाणी वापरणाऱ्या) भट्टीतून टर्बाइनकडे जाणारी वाफच २५० अंशांच्या आसपास असते. घोडं अडतं ते आकारावर. २२० मेगावॉट वीज काढायला ती भट्टी तिपटीहून जास्त उष्णता तयार करते. तुमचा बॉयलर पूर्ण लोडवर जेमतेम साडेपाच मेगावॉट उष्णता देतो. म्हणजे तुमच्यासारखे शंभराहून जास्त बॉयलर तिच्यात मावतील. भाभा अणुसंशोधन केंद्र ५५ मेगावॉटची भट्टीही आखतंय, पण तीसुद्धा एका कारखान्यापुरती नाहीच. एनपीसीआयएलने (अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीने) २०२४च्या अखेरीस २२० मेगावॉटच्या भट्ट्यांसाठी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले, ते स्वतःच्या वापरासाठी मोठ्या प्रमाणावर वीज लागणाऱ्यांसाठी.

वाफेचा अनुभव आपल्याकडे आहे, आणि तो नीट बघण्यासारखा आहे. राजस्थानात रावतभाट्याला जड पाण्याचा कारखाना शेजारच्या अणुवीज केंद्राची वाफ घेत आला. पण भट्टी बंद पडली की वाफ बंद, आणि तिथली प्रक्रिया तर अखंड चालायला हवी. म्हणून तिथे तेलावर चालणारा वेगळा वाफ प्रकल्प उभारावा लागला. तुमच्याकडेही स्टँडबाय बॉयलर ठेवावाच लागेल. मग खर्च वाचला कुठे?

शिवाय किरणोत्सर्गाचा धोका टाळायला भट्टीची वाफ थेट तुमच्या जॅकेटमध्ये (भांड्याभोवतीच्या तापवायच्या कवचात) सोडता येत नाही. मध्ये आणखी एक बंद सर्किट लागतं, आणि त्यातला दाब भट्टीकडच्या बाजूपेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे नळी फुटली तरी गळती तुमच्याकडे न येता आत जाते. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि बातम्यांत याबद्दल अवाक्षर नसतं. वाफेची लाइन फार लांब नेणं परवडत नाही, म्हणजे भट्टी जवळच हवी. खारघर-कळंबोलीची वस्ती बघता भट्टीभोवती मोकळी जागा सोडायची कुठे?

२०२५च्या अर्थसंकल्पात २०३३पर्यंत किमान पाच स्वदेशी छोट्या भट्ट्या चालू करायचं ठरलंय. ते व्हावं, मनापासून वाटतं. वीज ग्रिडमधून तुमच्यापर्यंत येईल, वाफ येणार नाही.

तोवर कंडेन्सेट (वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी) किती परत येतं ते मोजा, स्टीम ट्रॅप (वाफ अडवून ते पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) तपासून घ्या, इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेने बॉयलरचं पाणी आधीच तापवणारं यंत्र) नसेल तर नव्या बॉयलरसोबतच घ्या. बॅचनुसार वाफेचा तासवार लोड इथे टाकलात, तर ८ टनांचा एकच घ्यावा की ५ आणि ३ असे दोन, ते सांगता येईल.