शब्दचर्चा : उल्हसित, उल्लसित की उल्हासित?

प्रश्न : आमच्या धाकट्या मुलीने आखाजीवरच्या (म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेवरच्या) शाळेच्या निबंधात लिहिले, ‘आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यांवर उल्हसित दिसत होत्या.’ बाईंनी ‘उल्हसित’ खोडून ‘उल्लसित’ केले. माझे थोरले बंधू म्हणतात, दोन्ही चूक, ‘उल्हासित’ हवे. योग्य रूप कोणते आणि त्याचा नेमका अर्थ काय?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : मुलीने लिहिलेला शब्द पूर्णपणे योग्य आहे आणि तो खोडला गेला याचे मनापासून वाईट वाटते. ‘लस्’ या संस्कृत धातूचा अर्थ चमकणे, शोभणे, खेळणे असा आहे. ‘विलास’ त्याच्यापासूनच आला. या धातूला ‘उद्’ हा उपसर्ग लागला, की ‘द्’चा ‘ल्’ होऊन ‘उल्लास’ आणि ‘उल्लसित’ ही रूपे सिद्ध होतात, म्हणून बाईंचा शब्दही चूक नाही. मात्र कोल्हा, पाल्हाळ, विल्हेवाट म्हणणाऱ्या मराठी जिभेने ‘ल्ल’चा ‘ल्ह’ केला आणि तोच रुळला. आपण मुलाचे नाव उल्हास ठेवतो, कर्जत-कल्याणकडच्या नदीला उल्हास म्हणतो. तेथे कोणी दुरुस्ती सुचवत नाही. (‘आल्हाद’ची गोष्ट वेगळी. मूळ ‘आह्लाद’मध्ये ‘ह’ होताच, आपण केवळ त्याची जागा बदलली.) बंधूंचे ‘उल्हासित’ मात्र मराठीत टाळावे. ‘विकास’वरून आपण ‘विकासित’ म्हणत नाही, ‘विकसित’ म्हणतो. तसेच ‘उल्हास’ आणि ‘उल्हसित’.

अर्थाकडे वळताना मुलीचेच वाक्य हाताशी घ्यावेसे वाटते. सासरहून आलेली लेक सकाळी ओट्यावर आईजवळ बसून हलक्या आवाजात चार महिन्यांचे साठलेले बोलते, तेव्हा ती आनंदी असते, समाधानी असते. पण तिला उल्हसित म्हणवत नाही. तीच दुपारी पदर खोचून झोक्यावर उभी राहते, समोरची मैत्रीण गुडघे वाकवून झोका चढवते, पाय फांदीच्या पानांना लागतात आणि गाण्याचा सूर आपोआप वर जातो, तेव्हा ती उल्हसित असते. आतला आनंद चेहऱ्यावर, आवाजात, हालचालीत उसळून दिसू लागला, की हा शब्द लागू पडतो. ‘उद्’ म्हणजे वर, हे येथे ध्यानात ठेवावे.

झाडावर चढून दोर बांधणाऱ्या भावाला मात्र ‘उत्साही’ म्हणावे, कारण उत्साहात काही करण्याची उमेद असते आणि उल्हासाला तशा कामाची गरज नसते. पाणी मिळालेले केळीचे पान ‘टवटवीत’ असते. उल्हसित होण्यासाठी मन लागते. वातावरण किंवा सकाळ उल्हसित म्हटली जाते, तीही माणसाच्या मनामुळेच. शिवाय ही त्या वेळेपुरती अवस्था आहे, स्वभाव नव्हे. ‘तो उल्हसित स्वभावाचा आहे’ हे कानाला खटकते, तेथे ‘आनंदी’ किंवा ‘हसतमुख’ हवे.

व्याकरणाचे एवढेच, की ‘हसरा-हसरी’ जसे बदलते, तसे हे विशेषण लिंगवचनानुसार बदलत नाही. त्यामुळे ‘लेकी उल्हसित दिसत होत्या’ हे वाक्य जसे लिहिले तसेच राहू द्यावे.