बाईकची बॅटरी: नवी घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

बॅटरीवरचे प्रश्न बरेच साठलेत, म्हणून आज सगळे एकत्र घेतोय. गाडी सुरू झाली नाही की लोक काही न तपासता थेट बॅटरीच बदलतात, हे वाचून खरंच वाईट वाटतं कारण पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं. म्हणून पहिलं उत्तर जरा लांब आहे.

प्रश्न (नाशिक): १५० सीसीची बाईक आहे, सकाळी सेल्फ मारला की नुसता कटकट आवाज, किकने मात्र लगेच चालू होते. मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली, नवी टाका. टाकू का?

लगेच नका टाकू. आधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशेला मिळतो आणि पुढं घरातही कामाला येतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी न लावताच मीटर डीसी व्होल्टला ठेवून लाल वायर प्लसला, काळी मायनसला लावा. १२.६ ते १२.८ आलं तर बॅटरी फुल आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, आणि १२ च्या आसपास असेल तर जवळपास बसलेलीच समजा. बसलेली असेल तर आधी नीट चार्ज करून घ्या, मगच पुढचं तपासा, नाहीतर चांगल्या बॅटरीलाही उगाच नापास कराल.

आता मीटर तसाच धरून सेल्फ मारा. आकडा ९.५-१० च्या खाली आपटला तर बॅटरी लोड घेत नाहीये, मग ती बदलायलाच हवी. पण कटकट होतेय आणि आकडा १२.५ वरून हलतच नाही, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे रिले (सेल्फच्या मोटरला करंट सोडणारा स्विच), अर्थची वायर नाहीतर ढिला टर्मिनल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचलेली असते, नट बोटानं फिरतो इतका सैल असतो, आणि बिल मात्र नव्या बॅटरीचं फाडलं जातं.

शेवटचं, इंजिन चालू करून थोडा रेस द्या. १३.५ ते १४.५ दिसलं पाहिजे. १२.५ वरच अडकलं तर चार्जिंग होत नाहीये, कॉइल (इंजिनात वीज बनवते ती), आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, ती वीज बॅटरीजोगी करून व्होल्ट आवरतं ते) आणि त्याचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) बघा, तो कपलर बऱ्याचदा जळून तपकिरी झालेला असतो. १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट बॅटरीला उकळतंय. दोन्ही केसमध्ये नवी बॅटरीसुद्धा काही दिवसांत मरणार.

आणि चालू गाडीची बॅटरीची वायर काढून "बघा, चार्जिंग आहे" असं दाखवणारे अजून आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत त्यानं ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, उडू शकतो.

प्रश्न (सोलापूर): माझ्या गाडीत ५ एएचची बॅटरी आहे. दुकानदार म्हणतो ९ ची टाका, सेल्फ जोरात लागेल आणि फॉग लॅम्पही लावता येतील.

एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप. व्होल्ट सारखेच असल्यामुळे काही जळणार नाही, पण मला हे पटत नाही. मोठी बॅटरी त्या खोक्यात बसत नाही, मग रबर काढून, पत्रा वाकवून ठोकतात आणि टर्मिनल सीटखालच्या लोखंडाला घासायला लागतो. नंबर जुन्या बॅटरीवरचाच मागा, अक्षरांसकट. त्या नंबरातला 'एल' हा प्लस-मायनस कुठल्या बाजूला आहेत ते सांगतो, तो चुकला की वायर पुरत नाही आणि मग ओढून-ताणून उलटी लावायचे प्रकार होतात.

फॉग लॅम्पचं म्हणाल तर २० वॅटचे दोन म्हणजे सव्वातीन अँपिअर सततचे. ते गाडीच्या कॉइलनं पुरवायचे असतात, बॅटरी मोठी केली म्हणून कॉइल जास्त करंट बनवत नाही. कमी एएचची मात्र कधीच टाकू नका, स्वस्त मिळाली तरी.

प्रश्न (डोंबिवली): नवीन बॅटरी तीन महिन्यांतच ढिली पडली. मीटरवर चार्जिंग १४.२ दाखवतं, म्हणजे गाडी ठीक आहे ना?

हो, गाडी ठीक दिसतेय. मला शंका पहिल्या चार्जिंगची आहे. दुकानात ॲसिड भरून मिळणारी बॅटरी असेल तर भरल्यावर अर्धा-एक तास तशीच ठेवायची आणि मग एएचच्या दहाव्या भागानं, म्हणजे ५ एएचला अर्ध्या अँपिअरनं, काही तास चार्जिंगला लावायची असते. तेवढा वेळ गिऱ्हाईक थांबत नाही आणि दुकानदार सांगत नाही, ॲसिड ओतलं की लगेच फिट करून मोकळे. अशी बॅटरी पहिल्या दिवसापासून अर्धपोटी राहते आणि ऑफिस ते स्टेशन अशा दोन-तीन किलोमीटरच्या चकरांत ती कधीच भरत नाही.

कंपनीतून चार्ज होऊन आलेली सीलबंद घेत असाल तर तयार झाल्याचा महिना बघा आणि दुकानातच व्होल्ट मोजायला लावा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा, यात लाजायचं काही नाही. वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का घ्या, आणि किती महिने फुकट बदलून मिळेल, किती महिने नुसती सूट, हे तिथंच विचारा. गॅरेजमधल्या कारच्या चार्जरला बाईकची बॅटरी लावू देऊ नका, चार-पाच अँपिअरनं ती तापते आणि सीलबंद असेल तर फुगते.

प्रश्न (अकोला): पाणी कुठलं टाकायचं, आरओचं चालेल का?

नाही, फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही वरच्या रेषेपर्यंतच. पातळी कमी झाली म्हणून ॲसिड ओतू नका, उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. सीलबंद बॅटरीची पट्टी उचकटून पाणी घालायचं नाही.

प्रश्न (मुंबई): बाईक रत्नागिरीला गावी असते, गणपती आणि शिमग्यालाच वापरतो. दर वेळी बॅटरी बसलेली.

निघताना फुल चार्ज करून मायनसची वायर काढून ठेवा, एवढं केलंत तरी बराच फरक पडेल. आधी मायनसच काढायची आणि लावताना ती शेवटी, म्हणजे पाना चासीला लागला तरी ठिणगी पडत नाही. तुमच्या गाडीत जीपीएस ट्रॅकर असेल आणि तो २० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला अर्धा एएच गेला, ५ एएचची बॅटरी दहा दिवसांत खलास. बसलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडली की प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं आणि मग कितीही चार्ज करा, ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

भावाला आठवड्यातून पाच मिनिटं जागेवर गाडी चालू करायला सांगू नका, सेल्फनं खाल्लेलंसुद्धा त्यात भरून निघत नाही. त्यापेक्षा अर्धा तास फिरवून आण म्हणावं, किंवा बॅटरी घरात आणून दीड-दोन महिन्यांनी बाईकच्या ऑटो-कट (बॅटरी भरली की आपोआप थांबणाऱ्या) चार्जरला लावा, खिडकी उघडी ठेवून, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. कोकणातल्या दमट हवेत टर्मिनलला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवाच. आणि एप्रिल २०२० नंतरची, फ्युएल इंजेक्शनची बीएस-६ गाडी असेल तर ढकलून चालू करायच्या भरवशावर राहू नका, बॅटरी पूर्ण मेली असेल तर इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपालाच करंट मिळत नाही.

प्रश्न (सांगली): जुनी बॅटरी भंगारवाल्याला दिली तर चालेल?

नको. नवी घेता त्याच दुकानात द्या, शिशाचे पैसे बिलातून वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलिंगला पाठवायची जबाबदारी कंपन्यांवर आहे. भंगारात बरेच जण ॲसिड गटारात ओतून आतलं शिसं उघड्यावर वितळवतात, आणि ती धूळ तिथल्या लहान पोरांच्या पोटात जाते. दुकानात नेईपर्यंत ती उभीच ठेवा, आडवी करू नका.